मार्जारीचा प्रसवकाल

जुन्या गावगाड्यात जन्म ही गोष्ट सहसा बेवारस राहत नसे. घरातील सून अवघडली की सुईणीच्या कानावर आगाऊ घातले जाई, आणि तिला द्यावयाचे लुगडे-चोळी, शिधा व नारळ यांबाबत घरोघरचा शिरस्ता ठरलेला असे. गाय किंवा म्हैस गाभण राहिली की तिचे दिवस गुराख्याच्या बोटांवर मोजले जात, कास भरू लागली की धनी मध्यरात्री कंदील घेऊन गोठ्यात एक फेरी टाकी. आणि मेंढ्यांच्या विण्याचा हंगाम पाहून धनगर आपल्या वाड्याचा मुक्काम ठरवी. या सर्व जन्मांना काही एक मोल होते, आणि ज्याला मोल आहे त्याचा हिशेब कोठे ना कोठे राहतोच. मांजरीचे तसे नव्हते. तिचे दूध कोणी काढीत नसे, तिच्या पिल्लांचा बाजार भरत नसे, आणि बारा बलुतेदारांत किंवा अलुतेदारांत असा एकही इसम नव्हता की ज्याने तिच्या बाळंतपणाबद्दल शेतकऱ्याच्या खळ्यावर सूपभर धान्याचा हक्क सांगावा. तरीही धान्य होते तेथे उंदीर होते, उंदीर होते तेथे मांजर होते, आणि वर्षातून दोन-तीन वेळा माळ्यावर, फडताळात नाही तर चुलीमागच्या कोपऱ्यात, कोणाचीही परवानगी न घेता, त्याची प्रजा वाढत होती. त्या प्रसंगाची चाहूल ज्यांना आधी लागे त्या घरातील वृद्ध स्त्रिया होत्या, आणि त्यांच्या हाती लेखणी नव्हती. ज्यांच्या हाती लेखणी होती त्या पुरुषांनी मांजराविषयी पुष्कळ लिहिले. परंतु ते धान्य, दंड, देवता आणि मोक्ष यांच्या अनुषंगाने लिहिले. मार्जारीची वेळ भरल्याचे ओळखावे कसे, या साध्या प्रश्नाचा इतिहास शोधू जाता हे अंतर पावलोपावली आडवे येते.

प्रथम त्या अलिखित विद्येकडेच पाहू. मांजरीच्या गर्भारपणाची पहिली ठळक खूण तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तिच्या सडांवर उमटते; ते किंचित फुगतात, गुलाबी होतात, आणि पहिलटकरणीच्या बाबतीत हा फरक विशेष स्पष्ट दिसतो. पुढे पाचव्या-सहाव्या आठवड्यात पोट दोन्ही अंगांनी भरते आणि तिची एरवीची झेप मंदावते. परंतु मांजरी गाभण आहे एवढे समजणे निराळे, आणि ती आज-उद्याकडे आली आहे हे समजणे निराळे; खरी परीक्षा या दुसऱ्या गोष्टीत असे. विण्यापूर्वी एक-दोन दिवस, कधी त्याहूनही आधी, ती जागा धुंडाळू लागते. उघडे राहिलेले फडताळ, घडवंचीवरील गोधड्यांची चवड, सरपणामागची सांद, रिकामी कणगी, तुसाने भरलेली पाटी, देवघराच्या पाठीमागचा अंधार, अशी एकेक स्थळे ती तपासते, आत शिरते, पंजांनी फडके विसकटते, वळसा घेऊन बसते आणि पुन्हा बाहेर येते. याच सुमारास आवडत्या दूधभाताकडेही ती पाठ फिरवते. एरवी माणसापासून चार हात दूर राहणारी मांजरी गृहिणीच्या पायांत घोटाळू लागते, आणि एरवी अंगाशी येणारी मांजरी दिसेनाशी होते. आपल्या नेहमीच्या स्वभावाच्या विरुद्ध वागणे ही खूण मला तरी सर्वांत मार्मिक वाटते, कारण ती ओळखण्यासाठी त्या विशिष्ट जनावराशी वर्षानुवर्षांचा परिचय असावा लागतो आणि तो परिचय कोणत्याही ग्रंथातून मिळण्यासारखा नाही. सडांतून दुधाचा थेंब दिसू लागला, पोट खाली उतरले, मागचा भाग ती वारंवार चाटू लागली, आणि स्वस्थ पडल्यापडल्या तिची घुरघुर अकारण चढू लागली, म्हणजे घरातील म्हातारी एखाद्या मुलाला हाक मारून सांगे की आता फडताळाकडे कोणी फिरकू नका.

यापुढचा क्रमही त्या स्त्रियांना परिचित होता. पहिल्या अवस्थेत कळा आतल्या आत चालतात आणि बाहेरून दिसते ती केवळ अस्वस्थता. ही अवस्था काही तासांत आटोपते, पण पहिल्या वेतात ती दिवसभरही रेंगाळू शकते. नंतर पोटाचे जोर उघड दिसू लागतात, आणि थोड्याच वेळात पहिले पिल्लू आपल्या पातळ आवरणासह बाहेर येते. मांजरी ते आवरण चाटून फाडते, नाळ दातांनी तोडते, मागोमाग पडलेली वार खाऊन टाकते, आणि अर्ध्या-एक तासाच्या अंतराने, कधी त्याहून कमी कधी अधिक वेळाने, दुसरे, तिसरे, चौथे असे करीत वेत पुरे होते. शंभर ग्रॅमच्या आसपास भरणारे, डोळे मिटलेले, कान चिकटलेले ते जीव आईच्या उबेकडे सरकतात. या साऱ्या व्यवहारात माणसाला करण्यासारखे फारच थोडे असते, आणि जुन्या स्त्रियांचे शहाणपण मुख्यतः हे थोडेपण ओळखण्यात होते. जुनेऱ्याचा धुतलेला धडपा एखाद्या पाटीत घालून ती पाटी अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवावयाची, जवळ पाण्याचे भांडे ठेवावयाचे, आणि आपण बाजूला व्हावयाचे. मांजरीने त्या पाटीचा स्वीकार न करता घरधन्याच्या कोऱ्या धोतरावरच संसार थाटला, तर तोही निर्णय मुकाट्याने मान्य करावयाचा.

दिवस मोजण्याच्या बाबतीत मात्र या विद्येचा पाया भुसभुशीत होता, आणि त्याला कारण मांजरीच होती. गाभणकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा, म्हणजे त्रेसष्ट ते पासष्ट दिवसांचा, आणि चंद्रमासांच्या हिशेबाने पाहिले तर दोन पौर्णिमा उलटून वर चार-सहा दिवस, इतका सुटसुटीत आहे की तिथींवर जगणाऱ्या समाजाला तो तोंडपाठ व्हावयास हरकत नव्हती. परंतु मोजणीला आरंभबिंदू लागतो. गायीला वळू कधी दाखविला हे धन्याला ठाऊक असते. मांजरी मात्र कोणत्या रात्री कोणत्या कौलावर होती याची वर्दी घरात देत नाही, ती एकाहून अधिक रात्री आणि एकाहून अधिक बोक्यांच्या संगतीत काढते, आणि एकाच वेतातील पिल्लांचे बापही निरनिराळे असू शकतात. एकाच आईचे एक पिल्लू पांढरे आणि दुसरे काळे पाहून गावाने जे तर्क केले असतील त्यांत तथ्य होते असे आधुनिक शास्त्रही म्हणते. तेव्हा पंचांग बाजूला ठेवून खुणांवर भिस्त ठेवणे, यावाचून गत्यंतर नव्हते.

जगाच्या पाठीवर एका देशात मात्र मांजरीचे बाळंतपण हा खरोखरीच कोणाच्या तरी सेवेचा विषय होता. प्राचीन मिसरात, नाईलच्या त्रिभुजप्रदेशातील बुबास्तिस नगरी ही बास्तेत या मार्जारदेवतेचे ठाणे होती, आणि इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात तेथे गेलेल्या हेरोडोटसाने लिहून ठेवले आहे की पवित्र प्राण्यांच्या संगोपनासाठी स्त्री-पुरुष रक्षक नेमलेले असून ते पद बापाकडून मुलाकडे चालत येते. आपल्याकडच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे वतनच झाले. घरातले मांजर मेले की घरची माणसे भुवया उतरवितात, हेही त्यानेच सांगितले आहे. प्रसूतीसंबंधी त्याने दिलेली माहिती अशी की व्यालेली मांजरी बोक्यांकडे ढुंकून पाहत नाही, म्हणून बोके तिची पिल्ले चोरून मारतात, आणि पिल्लांची आस लागलेली ती पुन्हा त्यांच्याकडे येते. ही हकिगत वाचताना आपल्याकडील आजीबाई आठवल्याशिवाय राहत नाहीत, कारण बोका पिल्ले मारतो हा सिद्धांत त्यांनी हेरोडोटस न वाचताच प्रस्थापित केला होता; आणि पिल्ले गेलेली मांजरी लवकर पुन्हा माजावर येते, हे निरीक्षण खरेही आहे.

मिसरी वतनदारांकडे यासंबंधी जे ज्ञान जमले असेल ते अफाट असले पाहिजे. १८८८ साली मध्य मिसरातील बेनी हसन येथे एका शेतकऱ्याला मांजरांच्या ममींची खाण सापडली. त्यांतील सुमारे एकोणीस टनांचा माल जहाजातून लिव्हरपूलला गेला आणि १८९० साली लिलाव होऊन त्याचे खत झाले. त्या ढिगात एक लाख ऐंशी हजार मांजरे असावीत असा अंदाज करण्यात आला. विसाव्या शतकात संग्रहालयांतील मार्जार-ममींची क्षकिरणांनी तपासणी झाली तेव्हा त्यांतील पुष्कळशी काही महिन्यांची पिल्ले असून त्यांच्या माना मोडलेल्या आढळल्या; म्हणजे भाविकांनी देवीला वाहण्यासाठी विकत घ्यावीत म्हणून ती मंदिराच्या आवारात मुद्दाम पैदा केली जात होती. ज्या आवारात अशी पैदास पिढ्यान्‌पिढ्या चालली, तेथील माणसाला मांजरीची वेळ चुकणे शक्य नव्हते. भक्ती आणि व्यापार यांच्या त्या विलक्षण संयोगातून मांजरीचा एकमेव व्यावसायिक सुईण-वर्ग निर्माण झाला, पण त्याच्या खुणांचा आणि आडाख्यांचा एकही ग्रंथ आपल्यापर्यंत आलेला नाही.

ग्रंथ आले ते तत्त्ववेत्त्यांचे. अॅरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात मांजरी कुत्रीइतकीच पिल्ले देते आणि सहा वर्षे जगते, एवढे सांगून विषय आवरता घेतला. जलचरांच्या अंड्यांसंबंधी ज्याने पानेच्या पाने लिहिली त्याच्या या मितभाषणावरून, ग्रीक घरांत उंदीर मारण्याचे काम मांजरापेक्षा मुंगुसासारख्या दुसऱ्या प्राण्यांवर अधिक सोपविलेले होते असे जे म्हणतात त्याला पुष्टीच मिळते. प्लूटार्कने तर निरीक्षणाऐवजी गणित केले. इसिस व ओसिरिस यांच्यावरील आपल्या निबंधात तो सांगतो की मांजरी प्रथम एक पिल्लू देते, मग दोन, मग तीन, असे करीत सातांपर्यंत जाते, आणि बेरीज अठ्ठावीस होऊन चंद्राच्या कलांशी जुळते. ही गोष्ट कल्पित वाटेल अशी पुस्ती त्याने स्वतःच जोडली आहे, हा त्याचा प्रामाणिकपणा. इतका व्यवस्थित जमाखर्च ठेवणारी मांजरी आजवर जन्मास आलेली नाही. पण एका दृष्टीने प्लूटार्कचे वाक्य मोलाचे आहे, कारण विद्वानाची नजर मांजरीकडे वळली तरी ती पाटीत न जाता आकाशात कशी जाते याचा तो उत्तम नमुना आहे.

आपल्या देशात मांजराचा वावर फार जुना. सिंधुसंस्कृतीच्या चन्हुदडो या स्थळी एक वीट सापडली आहे. ती ओली असताना तिच्यावरून मांजर आणि त्यामागून कुत्रे गेल्याचे ठसे तिच्यावर उमटलेले आहेत. कौटिल्याने मांजराला राज्यकारभारात आणले. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात, राष्ट्रावर येणाऱ्या दैवी आपत्तींच्या प्रकरणात, उंदरांचा उपद्रव झाल्यास मांजरे आणि मुंगसे मोकळी सोडावीत, आणि त्यांना जो पकडील किंवा इजा करील त्याला बारा पण दंड करावा, अशी तरतूद आहे. मांजरे सोडावयाची म्हणजे ती कोठून तरी आणावयाची, आणि आणावयाची म्हणजे ती कोठेतरी व्यालेली असावयाची. परंतु या शेवटच्या कडीविषयी आचार्य मौन बाळगतात. हत्ती आणि गायी यांच्यासाठी स्वतंत्र अध्यक्ष नेमणाऱ्या त्या बारकाईच्या ग्रंथात मार्जाराध्यक्ष नाही. पुढच्या काळातही धान्याची कोठारे राज्याचा कणा होती आणि उंदराचे भय कायम होते; पन्हाळ्याच्या अंबारखान्यातील गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावे असे सांगतात, आणि चिपळूणनजीकच्या छावणीतील अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठविलेल्या प्रसिद्ध पत्रात, दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंज्यांना आग लागेल, असा इशारा दिलेला आहे. राजाच्या नजरेला उंदीर आला; अंबारखान्याच्या अंधारात पोत्यांच्या थप्पीमागे पिल्ले घालणारी मांजरी मात्र कोठीवरील कारकुनाच्या आणि पहारेकऱ्याच्याच परिचयाची राहिली असणार.

मांजरीच्या मातृत्वाला कायद्याने ओळखले ते दूर पश्चिमेस, वेल्स देशात. दहाव्या शतकातील हवेल द्दा या राजाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, आणि तेराव्या शतकापासूनच्या हस्तलिखितांत आढळणाऱ्या कायदेसंग्रहात मांजरीची किंमत तिच्या वयाच्या टप्प्यांनी ठरविलेली आहे: जन्मल्या रात्रीपासून डोळे उघडेपर्यंत एक पेनी, डोळे उघडल्यापासून उंदीर मारीपर्यंत दोन पेन्स, आणि उंदीर मारू लागल्यावर चार पेन्स. पिल्लांचे डोळे साधारणपणे आठव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान उघडतात, हे ज्याने पाहिले नाही त्याला असा दरतक्ता बांधता येणार नाही. शिवाय विकत घेतलेल्या मांजरीच्या अंगी कोणते गुण असलेच पाहिजेत याचीही त्यात यादी आहे. तिला दिसले पाहिजे, ऐकू आले पाहिजे, तिच्या नख्या शाबूत असल्या पाहिजेत, तिने उंदीर मारले पाहिजेत, आणि आपली पिल्ले न खाता वाढविली पाहिजेत. यांतील एकही गुण कमी भरला तर किमतीचा तिसरा हिस्सा परत करावा लागे. राजाच्या कोठाराची राखण करणारी मांजरी कोणी मारली वा चोरली तर तिला शेपटीने उलटी टांगून तिच्यावर शेपटीचे टोक झाकले जाईपर्यंत धान्य ओतावयाचे, आणि तेवढे धान्य दंड म्हणून घ्यावयाचे, असाही एक प्रकार त्या संग्रहात आहे. आपल्याकडच्या निवाडापत्रांत असा एखादा महजर सापडता तर किती बहार झाली असती! पण येथे मांजर विकण्याचीच चाल नव्हती, आणि जेथे विक्री नाही तेथे खोड काढण्याचा हक्कही नाही.

भारतीय मनाने मांजरीच्या मातृत्वाला न्यायसभेत नेण्याऐवजी थेट बाळंतिणीच्या खोलीत नेऊन बसविले. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात हर्षाच्या जन्माचे वर्णन करताना जातमातृदेवतेचा उल्लेख केला आहे, आणि टीकाकार शंकर सांगतो की ही देवता मांजराच्या मुखाची, पुष्कळ मुलांनी वेढलेली असून तिची स्थापना सूतिकागृहात करीत असत. बंगालमध्ये अपत्यांची रक्षणकर्ती षष्ठी देवी आजही मांजरावर आरूढ आहे. तिच्या व्रतकथेतील धाकटी सून चोरून खाते आणि आळ घरातील काळ्या मांजरीवर घालते. अपमानित मांजरी देवीकडे दाद मागते, सुनेची नवजात अर्भके एकामागून एक उचलून नेते, आणि अखेर सून शरण आल्यावरच ती परत मिळतात. अर्भक तोंडात धरून नेणारी मांजरी ही प्रतिमा रचण्यासाठी कथाकाराला कल्पनेला फारसा ताण द्यावा लागला नसेल, ती त्याच्या ओसरीवरच रोज घडत होती. महाराष्ट्रात हीच देवी सटवाई म्हणून पाचव्या-सहाव्या रात्री येते, पाटा-वरवंट्याची पूजा घेते, आणि बाळाच्या कपाळी लेख लिहून जाते. परंतु तिचे वाहन आपल्याकडे मागे पडले, आणि बाळंतिणीच्या खोलीत मांजर शिरू नये म्हणून उलट दार लोटून घेण्याचा प्रघात पडला. यात एक गंमत आहे. शेगडीची ऊब, झाकलेल्या झरोक्यांचा अंधार, मऊ चिंध्या आणि माणसांचा अल्प वावर, या बाळंतिणीच्या खोलीच्या गुणांखेरीज मांजरीला आपल्या बाळंतपणासाठी दुसरे काहीच नको असते, आणि म्हणून घरात सून आणि मांजरी एकाच सुमारास दिवसांत आल्या की दोघींची मसलत एकाच खोलीसंबंधी होई. ज्या वृद्धेच्या देखरेखीखाली सुनेचे बाळंतपण पार पडे तिचीच नजर मांजरीवरही असे. एकीला डिंकाचा लाडू आणि दुसरीला फडताळाबाहेर हकालपट्टी, असा तो पक्षपाती न्याय होता.

मांजरी आपली पिल्ले सात घरे फिरवते ही समजूतही याच परिसरातली. सात हा आकडा श्रद्धेचा, पण स्थलांतर खरे आहे. माणसांची ये-जा वाढली, जागेला वास येऊ लागला, बोका आसपास घुटमळला, किंवा पिल्लांना पाय फुटून जागा अपुरी पडू लागली, की ती एकेकाला मानेच्या कातड्याने धरून नव्या ठिकाणी नेते. आणि मानेला धरताच पिल्लू हातपाय आवळून निश्चल होते. या निश्चल पिल्लाने दक्षिणेत एका मोठ्या धार्मिक वादाला दृष्टान्त पुरविला. रामानुजांच्या पश्चात श्रीवैष्णव संप्रदायात दोन पंथ झाले. पिळ्ळै लोकाचार्यांना मानणाऱ्या तेंगलई पंथाचे म्हणणे असे की जीवाने स्वतः काही करावयाचे नाही, मांजरीच्या पिल्लाप्रमाणे स्वतःला सोडून द्यावयाचे आणि देव उचलून नेईल तिकडे जावयाचे. वेदान्तदेशिकांना मानणाऱ्या वडगलई पंथाने माकडाच्या पिल्लाचा दाखला दिला, कारण ते आईच्या पोटाला आपल्या बळाने घट्ट बिलगलेले असते. मार्जारन्याय आणि मर्कटन्याय ही नावे पुढे आपल्या कीर्तनकारांच्या तोंडीही रुळली. मांजरीच्या वर्तनाचे एवढे सूक्ष्म निरीक्षण मोक्षाच्या कामी आले, परंतु ज्या घटकेला पिल्लू प्रथम जगात येते तिच्याविषयी हे आचार्यही बोलत नाहीत.

सरकारच्या दप्तरात मांजराचे नाव गंभीरपणे दाखल होण्यास प्लेग यावा लागला. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने पहिला रोगी ओळखला, आणि पुढील वर्षांत साथ मुंबई-पुण्यातून घाटावर, खानदेशात आणि वऱ्हाडात पसरली. घरे उसवली गेली, कणग्या उन्हात आल्या, माणसे रानात झोपड्या घालून राहिली. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ याने कराचीत प्रयोग करून उंदरावरील पिसवेतून रोग पसरतो असे दाखविले, तरी अधिकृत वैद्यकाने ते पचनी पाडण्यास आणखी काही वर्षे घेतली. एकदा उंदीर हा शत्रू ठरला तेव्हा सापळे, विष आणि उंदरांवरील इनामे यांच्याबरोबर मांजराचीही आठवण झाली. रॉबर्ट कॉखसारख्या मान्यवराने मांजरे पाळण्याची शिफारस केली, आणि आपल्या अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट-कर्नल अँड्र्यू बुकॅनन यांनी तर गावोगावच्या घरांची, मांजरांची आणि प्लेगच्या रोग्यांची संख्या जमवून, जेथे घरांच्या मानाने मांजरे भरपूर आहेत ती गावे साथीतून बचावली आहेत, असा निष्कर्ष काढला व १९०८च्या सुमारास तो इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांतून मांडला. वऱ्हाडातील खेड्यांत मांजरांची शिरगणती! कौटिल्यानंतर दोन हजार वर्षांनी मार्जार पुन्हा राजकारणात आले म्हणावयाचे. या निष्कर्षावर पुष्कळ आक्षेप घेता येतात, आणि मांजरालाही प्लेग होतो हे आता सिद्ध आहे. परंतु गावात मांजरे वाढवा असे सांगणाऱ्या त्या योजनेचे सारे यश ज्या घटनेवर अवलंबून होते ती माळ्यावरची घटना या वेळीही वृद्ध स्त्रियांच्याच हवाली राहिली.

पशुवैद्यकाचे लक्षही तिकडे उशिरा गेले. मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यकाचे महाविद्यालय निघाले, परंतु त्या काळच्या पशुवैद्यकाचे आराध्यदैवत घोडा होते, त्याखालोखाल बैल. पलटणीला घोडे लागत आणि शेतसाऱ्याला बैल. मांजरीच्या प्रजननाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकातला. समागमाच्या चेतनेवाचून तिच्या अंडाशयातून बीज सहसा सुटत नाही, ही विलक्षण गोष्ट तेव्हा स्पष्ट झाली, आणि समागमाचा दिवस निश्चित माहीत असेल तर विण्याचा दिवस बऱ्याच अचूकपणे सांगता येतो हेही कळले. अखंड जोर देऊनही वीस-तीस मिनिटांत पिल्लू बाहेर येत नसेल, किंवा अर्धवट येऊन अडकले असेल, तर वैद्याकडे धाव घेतली पाहिजे, ही मर्यादाही या अभ्यासाने घालून दिली. जुन्या घरांत अशी अडलेली मांजरी बहुधा मरत असे, आणि तिच्याबरोबर ती विद्याही हात टेकीत असे. व्याकुळ होऊन पिल्ले खाणाऱ्या मांजरीला नजर लागली असे त्या स्त्रिया म्हणत. मृत किंवा अशक्त पिल्लू आणि सतत होणारा त्रास ही त्याची खरी कारणे त्यांना उमगली नव्हती. उलट, दोन-तीन पिल्ले झाल्यावर मांजरी मध्येच थांबते, दूध पाजते, खाते-पिते, आणि एक दिवस उलटल्यावर उरलेली पिल्ले सुखरूप देते, हा प्रकार जुन्या बायका निमूटपणे पाहत आल्या होत्या, आणि वैद्यकाने त्याला आपल्या पुस्तकांत जागा पुष्कळ पुढे दिली.

उष्णतामापकाचेही असेच झाले. मांजराच्या शरीराचे तापमान एरवी अडतीस ते एकोणचाळीस अंश सेल्सिअस असते, आणि प्रसूतीपूर्वीच्या चोवीस तासांत ते पुष्कळदा सदतीस-आठ दशांशाच्याही खाली उतरते. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा तापमान घेऊन ठेवावे, असा सल्ला देण्यात येऊ लागला. सल्ला शास्त्रशुद्ध होता, अडचण व्यवहाराची होती. मांजरीत ही उतरण कुत्रीइतकी भरवशाची नसते, आणि मुख्य म्हणजे उष्णतामापक घ्यावयाचा तो गुदद्वारातून; सकाळ-संध्याकाळ हा उपचार झालेली गर्भार मांजरी दुसऱ्या दिवशी घरात सापडेल याची हमी कोणी देत नाही, आणि अशा त्रासामुळे ती सुरू झालेल्या कळाही काही काळ लांबवू शकते. म्हणून अनुभवी पशुवैद्य आजही मांजरीला टेबलावर घेण्याआधी तिला घेऊन आलेल्या बाईकडे वळतो, आणि ती काल जेवली का, नेहमीपेक्षा निराळी वागते का, आणि घरात कोणत्या कपाटाशी घुटमळते आहे, हे तिला विचारून घेतो.